डागाळलेले दात, हिरडीची जखम : फ्लोरोसिस आणि दंतमुळावरील उपचार

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हा डोंगराळ परिसर उर्वरित महाराष्ट्राला माहीत झाला तो १९९२ मधील बालमृत्यूंमुळे. शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली आणि शासनाला, वृत्तपत्रांना व न्यायालयांना या पाड्यांची दखल घ्यावी लागली. पुढे १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्या वर्षी जी बालके वाचली, ती आज तिशी ओलांडून गेली आहेत. लहानपणीच्या उपासमारीच्या खुणा उंचीत आणि वजनात राहतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्या दातांवरही राहतात, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. दाताचे वरचे आवरण मात्र एकदा घडले की त्याची दुरुस्ती शरीराकडून होत नाही. घडताना काय चुकले, त्याची नोंद त्यावर कायमची राहते.

तिशी-पस्तिशी हे हिरड्यांचे विकार डोके वर काढण्याचे वय. दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग आणि ब्रश लावताच रक्त येणाऱ्या हिरड्या, अशी दोन्ही लक्षणे घेऊन रुग्ण दंतचिकित्सकासमोर बसतो, तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो डागाचा. हा डाग पाण्यातील फ्लोराइडचा की बालपणीच्या कुपोषणाचा? प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. हिरडी दाताच्या मुळाला पुन्हा चिकटावी म्हणून मुळाच्या पृष्ठभागावर ज्या क्रिया केल्या जातात, त्यांचा परिणाम मुळात किती फ्लोराइड मुरले आहे यावरही अवलंबून असू शकतो, असे गेल्या दोन दशकांतील संशोधन सुचवते.

कोलोरॅडोचा तपकिरी डाग

फ्लोरोसिसचा इतिहास एका तरुण दंतवैद्याच्या कुतूहलातून सुरू होतो. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हे अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी गेले. तेथेच वाढलेल्या अनेकांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते आणि बाहेरून मोठेपणी आलेल्यांच्या दातांवर ते नव्हते. दोष पाण्यात असावा असा मॅके यांचा तर्क होता; पण पाण्यातील नेमका कोणता घटक, हे कळायला ३० वर्षे लागली. १९३१ मध्ये एका अॅल्युमिनियम कंपनीतील रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी अशा गावांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर अमेरिकन सरकारी सेवेतील ट्रेंडली डीन यांनी डागांची प्रतवारी ठरवली. पुसट पांढऱ्या ठिपक्यांपासून खड्डे पडलेल्या तपकिरी दातांपर्यंत जाणारी ही डीन यांची प्रतवारी आजही सर्वेक्षणांत वापरली जाते.

भारतात १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात हाडांच्या फ्लोरोसिसचे रुग्ण नोंदवले गेले. म्हणजे हा आजार येथे नवा नाही. नव्याने वाढली ती खोल विंधण विहिरींची संख्या. भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगे मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ मिलिग्रॅमच आहे.

दातांवरील फ्लोरोसिस होण्याचे वय ठरलेले आहे. हिरडीच्या आत कायमचे दात घडत असताना, म्हणजे जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत, मुलाच्या पोटात जास्त फ्लोराइड गेले तर एनॅमलचे खनिजीकरण अपुरे राहते. दात उगवतो तोच निस्तेज, सच्छिद्र आवरण घेऊन. पुढे अन्नातील रंगद्रव्ये या छिद्रांत मुरतात आणि पांढऱ्याचे पिवळे, पिवळ्याचे तपकिरी होते. आठ-नऊ वर्षांनंतर कितीही फ्लोराइड पोटात गेले तरी आधीच घडलेल्या एनॅमलवर नवा डाग पडत नाही. मुळाचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्याकडे पुढे वळू.

खडकाचा प्रश्न

महाराष्ट्रातील फ्लोराइडग्रस्त गावे राज्यभर सारखी विखुरलेली नाहीत. ग्रॅनाइट, नाइस यांसारख्या जुन्या स्फटिकी खडकांत फ्लोराइट, अॅपटाइट, अभ्रक अशी फ्लोराइडयुक्त खनिजे असतात. पाणी या खडकात दीर्घकाळ मुरले, त्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम व बायकार्बोनेट जास्त असले, की फ्लोराइड विरघळून येते. म्हणून राज्यात या दुखण्याची चर्चा होते ती चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या पूर्वेकडील जिल्ह्यांत. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरातील भूजलातील फ्लोराइडचा अभ्यास २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याचे नावही या संदर्भात वारंवार येते. दोन्हीकडे आदिवासींची वस्ती मोठी आहे आणि हातपंपावरील अवलंबित्वही मोठे.

जव्हार-मोखाडा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वसलेले आहेत. बेसाल्टमध्ये फ्लोराइडयुक्त खनिजे ग्रॅनाइटच्या मानाने कमी. शिवाय येथील पाड्यांचे पाणी परंपरेने झऱ्यांचे, उथळ विहिरींचे आणि डबक्यांचे. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि फेब्रुवारी सरला की हंडे घेऊन डोंगर उतरावा लागतो, हे या भागाचे जुने दुर्दैव. असे ताजे, उथळ पाणी जंतूंच्या दृष्टीने धोकादायक असले तरी फ्लोराइडच्या दृष्टीने सहसा सौम्य असते. त्यामुळे वावरच्या माणसाच्या दातावर डाग दिसला की लगेच फ्लोरोसिसचा शिक्का मारणे घाईचे ठरते.

याउलट, बेसाल्टचा प्रदेश म्हणून फ्लोराइडचा विचारच करायचा नाही, हेही चूक. विंधण विहीर जितकी खोल, तितके पाणी खडकाच्या संपर्कात अधिक काळ राहिलेले. शिवाय येथील कुटुंबे वर्षभर एका ठिकाणी राहत नाहीत. भाताची आणि नागलीची कापणी उरकली, दिवाळी झाली, की मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर ‘जगायला’ जायचे आणि पावसाआधी परतायचे, हा अनेक पाड्यांचा क्रम आहे. दात घडण्याच्या वयातील मूल वर्षातील कित्येक महिने कोणत्या गावचे, कोणत्या बोअरचे पाणी पिते, याची नोंद कोठेही नसते. रुग्णाचा पत्ता वावरचा असला म्हणून त्याच्या दातांना मिळालेले पाणी वावरचेच होते असे नाही.

डाग डागांत फरक

कुपोषणाने, गोवरासारख्या तापाने किंवा दीर्घ अतिसाराने एनॅमल बनवणाऱ्या पेशींचे काम काही आठवडे खंडित होते आणि त्या काळात घडणाऱ्या पट्ट्यातील आवरण पातळ राहते. याला एनॅमलची अपूर्ण वाढ म्हणतात. वरच्या मधल्या कायमच्या दातांचे आवरण साधारण तीन-चार महिन्यांच्या वयापासून चार-पाच वर्षांपर्यंत घडते. पहिल्या कायमच्या दाढेचे जन्माच्या सुमारास सुरू होऊन तिसऱ्या वर्षापर्यंत. १९९२ मध्ये जे मूल दीड-दोन वर्षांचे होते आणि उपासमारीतून वाचले, त्याच्या याच दातांवर आडवी खाच किंवा ओळीने बारीक खड्डे सापडावेत, हे शरीरशास्त्राला धरून आहे.

अशी खाच ठराविक उंचीवर असते आणि तिच्या वरखालचे आवरण बऱ्यापैकी निरोगी असते. नखाने चाचपले तरी ती लागते. फ्लोरोसिसच्या पांढऱ्या रेघा पुसट, ढगाळ असतात. त्यांना नेमकी कडा नसते. त्या दातभर पसरतात आणि उजव्या-डाव्या बाजूच्या जोडीदार दातांवर जवळजवळ सारख्या दिसतात. तीव्र फ्लोरोसिसमध्ये खड्डेही पडतात, तेथे गोंधळ होतो. लहानपणी टेट्रासायक्लिन गटातील औषध पोटात गेले असेल तर दात करड्या-पिवळसर पट्ट्यांचे होतात, तो तिसरा प्रकार. मशेरी, तंबाखू, पान यांचा डाग तर नुसता वरवरचा. तो घासून निघतो.

शेवटी खरा पुरावा पाण्याचाच. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यानंतर गावपातळीवर पाणी तपासणीचे संच देण्यात आले आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण गावातील महिलांना दिले गेले. या संचात फ्लोराइडची रंगचाचणी असते. ती प्राथमिक असते. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून मोजणी करून घ्यावी लागते. रुग्णाच्या भावंडांचे आणि शेजारच्या समवयस्कांचे दात पाहिले तरी बरेच कळते. एकाच हातपंपावर वाढलेल्या बहुतेकांचे दात सारखेच ढगाळ असतील तर पाणी संशयित. एकाचेच असतील तर त्या मुलाच्या आजारपणाची चौकशी आधी करावी.

हिरडीखालचे मूळ

एनॅमल दाताच्या फक्त दिसणाऱ्या भागावर असते. हिरडीखालच्या मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो आणि त्याखाली डेंटिन. मुळाला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणारे तंतू एका टोकाने या सिमेंटममध्येच रुतलेले असतात. शरीरातील सर्व खनिजयुक्त थरांत फ्लोराइडचे प्रमाण सर्वाधिक असते ते सिमेंटममध्ये, आणि हा थर आयुष्यभर थोडा थोडा चढत राहतो. म्हणजे एनॅमलची दारे आठव्या-नवव्या वर्षी बंद होतात, मुळाची बंद होत नाहीत. मोठेपणी फ्लोराइडग्रस्त गावी राहायला गेलेल्या माणसाचे दात वरून स्वच्छ दिसतील. मुळात मात्र फ्लोराइड साठत राहील. डाग पाहून मुळाचा अंदाज बांधणे त्यामुळे नेहमीच खरे ठरत नाही.

हिरड्यांच्या विकारात, ज्याला बोलीभाषेत पायोरिया म्हणतात, दाताच्या मानेशी जिवाणूंचा चिकट थर साचतो, त्याचे कीटण होते, हिरडी सुजते, आणि ती मुळापासून सुटत जाऊन मध्ये खिसा तयार होतो. खिशाच्या आत मुळाचा जो भाग उघडा पडतो, त्यात जिवाणूंची विषद्रव्ये मुरतात आणि तुटलेले तंतू कुजतात. असा पृष्ठभाग नव्या पेशींना मानवत नाही. म्हणून उपचाराची पहिली पायरी म्हणजे कीटण काढणे आणि मूळ खरवडून गुळगुळीत करणे. बहुसंख्य रुग्णांत एवढ्याने आणि रुग्णाच्या स्वतःच्या स्वच्छतेने हिरडी बरी होते. ‘दात साफ केल्याने दात हलतात’ ही समजूत खेड्यात आणि शहरातही घट्ट आहे. प्रत्यक्षात कीटणाच्या आधाराने टिकलेला दात आधीच हललेला असतो. कीटण निघाले की ते जाणवते, इतकेच.

खरवडल्यानंतरही मुळावर भुकटी आणि कचऱ्याचा, काही मायक्रॉन जाडीचा लेप उरतो. पाटा घासला तरी त्यावर पीठ राहावे तसा. हा लेप रक्ताच्या गुठळीला मुळाशी घट्ट धरू देत नाही. तो काढावा, खालच्या डेंटिनमधील खनिज किंचित विरघळवून कोलॅजनचे तंतू उघडे करावेत आणि त्या तंतूंत रक्तातील फायब्रिनचे जाळे अडकावे, ही मुळावरील रासायनिक प्रक्रियेमागची कल्पना. १९७५ च्या सुमारास रजिस्टर आणि बर्डिक यांनी सायट्रिक आम्लाचे प्रयोग प्रसिद्ध केले. सामू १ इतके तीव्र द्रावण दोन-तीन मिनिटे मुळावर लावायचे, अशी ती पद्धत होती. पुढे टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइडचे द्रावण आले. ते आम्लधर्मी असून त्यात जिवाणूविरोधी गुणही आहे. नंतर ईडीटीए आले. ते आम्लाप्रमाणे पोळवत नाही, कॅल्शियमला पकडून खेचून घेते. २४ टक्क्यांचे उदासीन सामूचे जेल दोन मिनिटे लावण्याची रीत रूढ झाली. तीव्र सायट्रिक आम्ल आजूबाजूच्या हिरडीवर सांडले तर तेथील पेशी मरतात. मूळ बरे करताना हिरडीच जाळायची, असा हा व्यवहार होऊ नये म्हणून ईडीटीएकडे कल झुकला.

शर्यत कोणत्या पेशींची

जखम भरताना हिरडीखाली एक शर्यत चालते. १९७६ मध्ये मेल्चर यांनी मांडलेला विचार असा, की मुळावर सर्वप्रथम ज्या पेशी वस्ती करतील, त्यांच्यावर जोडणीचा प्रकार ठरेल. हिरडीच्या पृष्ठभागावरील आवरणपेशी सर्वांत चपळ. त्या दिवसाला सुमारे अर्धा मिलिमीटर सरकतात. कीटण काढल्यानंतर हिरडीच्या खाचेचे अस्तर दोन ते सात दिवसांत पुन्हा तयार होते. आतले कोवळे कोलॅजन तंतू तयार व्हायला मात्र तीन आठवडे लागतात. आवरणपेशी आधी पोहोचल्या तर त्या मुळाच्या कडेने खोलवर उतरतात आणि मुळाला लांबलचक पण वरवर चिकटतात. अशी जोडणी स्वच्छता पाळली तर टिकते; पण ती मूळची तंतूंनी विणलेली बांधणी नव्हे. रक्ताची गुठळी मुळाशी घट्ट धरली गेली तर आवरणपेशींची वाट अडते आणि खालच्या संयोजी ऊतीला वेळ मिळतो. पहिल्या काही दिवसांत गुठळी हलू नये यावर दंतचिकित्सक इतका भर देतात, त्याचे कारण हेच.

फ्लोराइडने भारलेले मूळ या शर्यतीत कोठे बसते? दाताचे मूळ खनिज हायड्रॉक्सिअॅपटाइट. त्यात फ्लोराइड शिरले की फ्लोरअॅपटाइटसारखे खनिज बनते आणि ते आम्लात कमी विरघळते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात किडण्यापासून वाचतात ते याच गुणामुळे. पण जे आम्ल जिवाणूंचे, त्याला विरोध हवा असतो. जे आम्ल दंतचिकित्सकाचे, त्याने दोन मिनिटांत आपले काम करावे अशी अपेक्षा असते. खनिज दोघांत भेद करत नाही. त्यामुळे नेहमीच्या तीव्रतेचे द्रावण नेहमीच्याच वेळेत लावले तर फ्लोरोसिसच्या मुळावर लेप कमी निघेल, तंतू कमी उघडे पडतील, ही शंका रसायनशास्त्राच्या दृष्टीने रास्त आहे.

या शंकेचा सातत्याने पाठपुरावा झाला तो कर्नाटकातील दावणगेरे येथे. हा परिसर फ्लोराइडग्रस्त पट्ट्यात येतो, त्यामुळे तेथील बापूजी दंत महाविद्यालयात फ्लोरोसिसचे रुग्ण नेहमीच येतात. तेथील हिरडीरोग विभागाने काढून टाकलेले दात घेतले, फ्लोरोसिसचे आणि बिनफ्लोरोसिसचे असे गट केले, मुळे खरवडली, त्यांना सायट्रिक आम्ल, टेट्रासायक्लिन, ईडीटीए लावले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. २००९ आणि २०१० मध्ये या मालिकेतील निबंध प्रसिद्ध झाले. दोन्ही प्रकारच्या मुळांना एकाच मापाने मोजू नये, एवढा इशारा त्यांतून मिळतो. त्याच संस्थेने २००७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ डेंटल रिसर्च’मध्ये फ्लोराइडग्रस्त भागातील रहिवाशांच्या हिरड्यांची पाहणीही प्रसिद्ध केली आणि जास्त फ्लोराइड व हिरड्यांचे विकार यांचा संबंध असल्याचे मत मांडले.

या निष्कर्षांना दोन मर्यादा आहेत. काढलेला दात म्हणजे तोंडातील दात नव्हे. त्यात रक्त नाही, सूज नाही, रुग्ण नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू उघडे दिसले म्हणून हिरडी अधिक चांगली जुळेलच असे नाही. सर्वसाधारण रुग्णांबाबत हे तपासूनही झाले आहे. २००३ मध्ये मारिओटी यांनी उपलब्ध चाचण्यांचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा सायट्रिक आम्ल, टेट्रासायक्लिन वा ईडीटीए लावल्याने रुग्णाला नोंद घेण्याजोगा जास्तीचा फायदा होत असल्याचे आढळले नाही. म्हणजे जी पायरी निरोगी मुळाबाबतच वादग्रस्त आहे, ती फ्लोरोसिसच्या मुळाबाबत कमी परिणामकारक ठरली तर रुग्णाचे नुकसान किती, हा प्रश्न उरतोच. फ्लोरोसिस आहे म्हणून आम्ल दुप्पट वेळ लावावे, असा परस्पर निष्कर्ष कोणी काढू नये. जास्त वेळाने कोलॅजनच खराब होण्याचा धोका असतो.

दुसरी मर्यादा सर्वेक्षणांची. फ्लोराइडग्रस्त गावे बहुधा गरीब असतात. तेथे ब्रश कमी, तंबाखू जास्त, दंतचिकित्सक दूर. हिरड्या खराब आढळल्या तर त्याचे किती माप फ्लोराइडच्या पदरात घालावे, हे वेगळे काढणे कठीण. प्रयोगशाळेत अतितीव्र फ्लोराइड पेशींना घातक ठरते हे खरे, पण काचेच्या बशीतील तीव्रता आणि हिरडीतील तीव्रता यांत मोठे अंतर आहे. फ्लोरोसिसमुळे एक नुकसान मात्र उघड आहे. खड्डे पडलेले, खरखरीत आवरण हिरडीच्या काठाशी असेल तर त्यावर जिवाणूंचा थर लवकर साचतो आणि ब्रशने नीट निघत नाही. आपले डागाळलेले दात दिसू नयेत म्हणून तोंड मिटून राहणारा तरुण दंतचिकित्सकाकडेही उशिरा जातो, हे नुकसान कोणत्याच सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

पाड्यावरची जखम

वावरसारख्या गावात हिरडीची जखम भरून येण्याच्या आड फ्लोराइडपेक्षा मोठ्या गोष्टी उभ्या आहेत. पहिली तंबाखू. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण मशेरी आणि विडी घरोघरी. धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा बिघडतो, जखम रेंगाळते आणि रक्त येण्याचे लक्षणही झाकले जाते. रक्त येत नाही म्हणजे हिरडी बरी, असा समज विडी ओढणाऱ्याने करून घेऊ नये. मशेरी जेथे धरून ठेवली जाते, तेथील हिरडी मागे सरकलेली असते आणि मूळ उघडे पडते.

दुसरी गोष्ट अन्न. कोलॅजन हे प्रथिन आहे आणि ते विणायला क जीवनसत्त्व लागते. नागलीत कॅल्शियम भरपूर, पण क जीवनसत्त्व नाही. उन्हाळ्यात रानभाज्या संपल्या की पेज आणि भाकरीवर दिवस काढणाऱ्या माणसाच्या हिरडीवर कितीही काळजीपूर्वक शस्त्रक्रिया केली, तरी तंतू विणायचा कच्चा मालच अपुरा असतो. येथील जंगलात मिळणारा आवळा आणि परसातील शेवग्याचा पाला या दृष्टीने औषधाहून कमी मोलाचे नाहीत. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वाची कमतरता फ्लोरोसिसचे दुष्परिणामही वाढवते, असे फ्लोरोसिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही मानले गेले आहे. हा कार्यक्रम केंद्राने २००८-०९ मध्ये सुरू केला. पालघरच्या आदिवासींत आढळणारा सिकलसेल आजार असेल तर तो दंतचिकित्सकाला आधीच सांगायला हवा. तोंडातील जंतुसंसर्गही अशा रुग्णाला महागात पडू शकतो.

तिसरी गोष्ट वेळ. हिरडीवरील शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवड्या-दहा दिवसांनी टाके काढायचे असतात आणि नुसते कीटण काढले असले तरी चार ते सहा आठवड्यांनी खिसे पुन्हा मोजायचे असतात. दिवाळीनंतर उपचार सुरू केला आणि रुग्ण वीटभट्टीवर निघून गेला, तर ही तपासणी होतच नाही. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयापर्यंत पोहोचायलाही अनेक पाड्यांना अर्धा दिवस मोडावा लागतो. हिरडीरोगतज्ज्ञासाठी नाशिक, ठाणे किंवा मुंबई गाठायची. म्हणून या भागात उपचाराची आखणी पावसाळा आणि स्थलांतराचे वेळापत्रक पाहून करणे अधिक शहाणपणाचे. आश्रमशाळेतील मुलांची गोष्ट थोडी सोपी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळाशाळांत जातात. दातावरील डागांची नोंद मुलाच्या जन्मापासूनच्या राहण्याच्या ठिकाणांसह केली, तर पाण्याचा संशयित स्रोत शोधणे सुकर होईल.

घरी काय करता येईल

पाण्यात फ्लोराइड जास्त निघाले तर ते उकळून जात नाही. उलट पाणी आटले की प्रमाण वाढते. उकळणे जंतूंसाठी, फ्लोराइडसाठी नव्हे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७०च्या दशकात विकसित केली. सक्रिय अॅल्युमिनाचे गाळणही वापरले जाते. दोन्हींना देखभाल लागते आणि देखभालीअभावी बंद पडलेली संयंत्रे फ्लोराइडग्रस्त गावांत नवी नाहीत. जव्हार-मोखाड्याइतका पाऊस असलेल्या भागात छतावरचे पाणी साठवणे किंवा दुसऱ्या झऱ्याचे पाणी पिण्यापुरते वापरणे हा सर्वांत सरळ उपाय. कोऱ्या चहातही फ्लोराइड असते. चहाचे झाड ते पानांत साठवते. पाणी आधीच फ्लोराइडयुक्त असेल तर लहान मुलांना दिवसातून चार वेळा कोरा चहा देणे टाळलेले बरे.

टूथपेस्ट मात्र टाकून देऊ नये. मुळे उघडी पडलेल्या प्रौढाला फ्लोराइडयुक्त पेस्ट मुळाच्या किडीपासून आणि शिवशिवण्यापासून वाचवते. भारतात पेस्टमधील फ्लोराइडला १००० पीपीएमची मर्यादा आहे. लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी ते वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी आणि थुंकायला शिकवावे, एवढी काळजी पुरे. राखुंडी, विटेची पूड, वाळूमिश्रित दंतमंजन यांनी डाग जात नाहीत. दाताची मान झिजते आणि हिरडी वर सरकते. आठवडी बाजारात आम्लाचा बोळा फिरवून दात पांढरे करून देणाऱ्यांपासून तर कटाक्षाने दूर राहावे. पहिले दोन दिवस दात उजळ दिसतात, कारण आवरणाचा थरच विरघळलेला असतो; हिरडी पोळते ती वेगळीच. दवाखान्यात ब्लीचिंग करून घ्यायचे असले तरी क्रम असा असावा, की आधी हिरडी बरी करावी आणि मग डागाकडे वळावे. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड सुजलेल्या हिरडीला आणि उघड्या मुळाला झोंबते.

मुळावरील उपचारानंतर त्या जागी दंतचिकित्सक सांगेपर्यंत ब्रश लावू नये, त्या बाजूने चावू नये आणि जीभ वा बोट लावून जखम चाचपू नये. बहुधा ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिनची गुळणी दिवसातून दोनदा सांगितली जाते. तिने दातांवर तपकिरी छटा येते आणि फ्लोरोसिसचा रुग्ण डाग वाढले म्हणून घाबरून ती सोडून देतो. ही छटा वरवरची असते. पुढच्या भेटीत दात घासून ती काढता येते. या काळात मशेरी आणि विडी बंद ठेवणे सर्वांत अवघड. पण किमान पहिले दोन-तीन आठवडे, कोवळे तंतू विणले जात असताना, ते पाळायला हवे. टाके काढण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्यावी, आणि कामासाठी बाहेरगावी जायचे ठरले असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे. काही वेळा फक्त कीटण काढून शस्त्रक्रिया परतल्यावर करणे दंतचिकित्सकालाही अधिक योग्य वाटते.